लॉग कुठे थांबतो: बारावीतल्या एका विद्यार्थिनीचं प्रकरण

पार्श्वभूमी

सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यालगतचं एक कनिष्ठ महाविद्यालय. विज्ञान शाखेची एकच तुकडी, आणि बहुतेक मुलं आसपासच्या वाड्यांमधून एसटीने येणारी. मी इथे अकरावी-बारावीला गणित शिकवते. जिच्याबद्दल हे लिहिते आहे ती खाडीपलीकडच्या गावातली. घरची थोडी हापूसची कलमं आणि माडांची बाग. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. गणितं मात्र तिच्या वहीत होती तशीच ठेवली आहेत.

दहावीला तिला गणितात उत्तम गुण होते. अकरावीत भौतिकशास्त्राच्या प्रॅक्टिकलला लॉगटेबल (एखादी संख्या म्हणजे दहाचा कितवा घात, हा 'लॉग' देणारं कोष्टक) हातात आलं आणि ते बघण्यात ती पटाईत झाली. बारावीला विषय पीसीएमबी, म्हणजे गणित आणि बायोलॉजी दोन्ही. जुलैत डिफरन्सिएशन, म्हणजे राशी बदलण्याचा दर (डेरिव्हेटिव्ह) काढणं, सुरू झालं तेव्हा चेन रूलपर्यंत (राशीच्या आत राशी असताना लागणारा नियम) सगळं सुरळीत चाललं होतं. लॉगरिदमिक डिफरन्सिएशन आलं आणि गाडी अडली. एकेका गणितात उत्तर चुकायचं, पण प्रत्येक ठिकाणी वेगळं चुकायचं, त्यामुळे तिला आणि सुरुवातीला मलाही त्यात काही सूत्र दिसेना.

अडचण काय होती

चाचणीत हे गणित होतं:

य = (क्ष + २)³ √(क्ष² + १) ÷ [क्ष⁴ (क्ष + ५)²]

दोन्ही बाजूंचा लॉग घ्यायचा, उजवी बाजू उलगडायची, मग डेरिव्हेटिव्ह काढायचं. बरोबर उलगडा असा:

लॉग य = ३ लॉग(क्ष + २) + ½ लॉग(क्ष² + १) − ४ लॉग क्ष − २ लॉग(क्ष + ५)

तिने लिहिलं होतं:

लॉग य = ३ लॉग क्ष + ३ लॉग २ + ½(२ लॉग क्ष + लॉग १) − ४ लॉग क्ष + २ लॉग(क्ष + ५)

पुढचं सगळं तिने बिनचूक केलं. लॉग २ स्थिर आहे म्हणून त्याचं डेरिव्हेटिव्ह शून्य, लॉग १ तर मुळातच शून्य. उरलं ३/क्ष + १/क्ष − ४/क्ष + २/(क्ष + ५). पहिली तीन पदं एकमेकांत कापली गेली आणि उत्तर आलं २य/(क्ष + ५). इतकं आटोपशीर उत्तर आल्यावर ते बरोबरच असणार, असं तिला वाटलं. मुलांना पाठ्यपुस्तकातली उत्तरं सुटसुटीत असायची सवय असते. इथे खरं उत्तर चार पदांचं आहे, आणि चुकीचं उत्तर दिसायला त्याहून देखणं.

पेपर तपासताना शेवटच्या उत्तरावर फुली मारली जाते. ती फुली बघून तिने डेरिव्हेटिव्हची सूत्रं पुन्हा पाठ केली. तिथे तिचं काहीच चुकलं नव्हतं.

कारण शोधताना

गणपतीच्या सुट्टीआधीच्या आठवड्यात कॉलेज सुटल्यावर तिला स्टाफरूममध्ये बसवलं. एसटीला वेळ होता. मी तिला लॉगचे नियम विचारले. गुणाकाराचा (लॉग(अ × ब) = लॉग अ + लॉग ब), भागाकाराचा (लॉग(अ ÷ ब) = लॉग अ − लॉग ब), घाताचा (घातांक लॉगच्या पुढे गुणक म्हणून येतो), तिन्ही नियम तिने न अडखळता सांगितले. मग नुसतं लॉग(क्ष + २) लिहून दिलं आणि म्हटलं, उलगड.

"लॉग क्ष अधिक लॉग २."

"का?"

"कंसाला लॉग लावला ना मॅडम. तो दोघांनाही मिळणार."

इथे सगळं उघड झालं. २(अ + ब) म्हणजे २अ + २ब, हे मूल सातवी-आठवीपासून हजारदा लिहितं. लॉग हाही तिच्या लेखी कंसाबाहेरचा एक गुणक होता. वर गुणाकाराच्या नियमातही उजव्या बाजूला अधिक चिन्ह असतंच, त्यामुळे दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या होत्या आणि नियम पाठ असूनही उपयोगी पडत नव्हता. ती तालुक्याला ज्या खाजगी क्लासला जायची तिथे 'लॉग आत वाटून टाकायचा' असं म्हणायची पद्धत होती, असंही तिच्या बोलण्यातून कळलं. असे शब्द मुलांच्या डोक्यात फार खोल जातात.

दुसरा दोष वेगळा होता. छेदातल्या (क्ष + ५)² पुढे तिने अधिक लिहिलं होतं. का, तर छेदातही गुणाकारच आहे, आणि गुणाकाराला अधिक. नियम लक्षात होता, पण आख्ख्या छेदाला लागू होणारा वजा पहिल्याच पदापाशी संपला होता. ही चूक पहिल्या चुकीतून आलेली नाही, ती स्वतंत्र आहे. तिच्यावरचा इलाजही वेगळाच लागणार होता, हे तेव्हाच वहीत टिपून ठेवलं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय तिच्या वडिलांनीच मांडला. सुट्टीत बाजारात भेटले तेव्हा म्हणाले, "मॅडम, तिका ह्यां झेपणा नसात, तर बायलॉजीच धरूंदे काय?" गणितात पास होण्यापुरतं बघायचं आणि सीईटी या प्रवेश परीक्षेला फक्त पीसीबी (गणिताऐवजी बायोलॉजीचा) गट द्यायचा, असा त्यांचा विचार. घरात पोरीची ओढाताण त्यांना दिसत होती. त्यांचं म्हणणं मी झटकून टाकलं नाही. पण चेन रूल सहज करणारी मुलगी एका उलगड्यापायी गणित सोडते, हे मला पटत नव्हतं. दिवाळीपर्यंत थांबा, एवढं मागून घेतलं.

दुसरा पर्याय, लॉगला वळसा घालायचा. वरचं गणित गुणाकार-भागाकाराच्या सूत्रांनीही सुटतं. फक्त लांबतं आणि वाटेत चुकायच्या जागा वाढतात. पण क्षचा क्षवा घात समोर आला की हा वळसा संपतो. पायाही बदलता आणि घातही बदलता असेल तर लॉग घेऊनच पुढे जावं लागतं. शिवाय रसायनशास्त्रात पीएच म्हणजे हायड्रोजन आयनांच्या तीव्रतेचा ऋण लॉगच. एका विषयात टाळलेली गोष्ट दुसऱ्या विषयात भेटणारच होती.

तिसरा, भरपूर सराव. एका सहकाऱ्याचं मत होतं की एक मोठा संच सोडवून घेतला की हात बसतो. इतर चुकांसाठी मीही हेच करते. पण तिची समजूतच चुकीची होती, आणि चुकीच्या समजुतीवर केलेला सराव तीच समजूत घट्ट करतो.

चौथा, 'हे करू नका' अशी यादी. लॉग(अ + ब) फोडू नका, लॉग(अ − ब) फोडू नका, वगैरे. परीक्षेच्या आदल्या दिवशी अशी यादी कामाला येते. पण प्रत्येक नवं रूप यादीत असेलच असं नाही, आणि का नाही फोडायचं ते यादी सांगत नाही.

मोबाइलवरचे व्हिडिओ हा मार्ग तिच्या वाडीत रेंजअभावी बंदच होता.

राहिला मागे जाण्याचा मार्ग: घातांकांपासून सुरुवात आणि लॉगटेबलवर पडताळा. वेळ सगळ्यात जास्त याच मार्गाला लागणार होता, आणि अभ्यासक्रम आधीच पावसाच्या सुट्ट्यांनी मागे पडला होता. तरी तोच घेतला, कारण लॉगटेबल ही एकच गोष्ट होती जिच्यावर तिचा पूर्ण विश्वास होता. बारावी बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉगटेबल चालतं, त्यामुळे ते सतत तिच्या दप्तरात असायचं. आतापर्यंत ती त्यात फक्त आकडे शोधत होती. स्वतःचं लिखाण तपासायलाही ते वापरता येतं, हे तिला कोणी दाखवलं नव्हतं.

काय केलं

सुरुवात शंभर आणि हजारापासून. १०० म्हणजे दहाचा दुसरा घात, १००० म्हणजे तिसरा. गुणाकार एक लाख, म्हणजे पाचवा घात. २ + ३ = ५. लॉग म्हणजे तो घातच. गुणताना घातांकांची बेरीज होते, एवढंच गुणाकाराचा नियम सांगतो. हे ती आठवीपासून करत होती. आता बेरीज: १०० + १००० = ११००. त्याचा लॉग टेबलमध्ये बघायला सांगितला. ३.०४१४. "तुझ्या नियमाने किती यायला हवा होता?" तिने पाच म्हटलं आणि गप्प झाली. मग स्वतःच म्हणाली, "म्हणजे अकराशे आणि एक लाख सारखे होतील."

इथे तिला थोडा इतिहासही सांगितला, कारण तो नेमका मुद्द्याचा आहे. जॉन नेपियरने १६१४ साली लॉगरिदमची कोष्टकं छापली ती मोठमोठे गुणाकार-भागाकार करणाऱ्यांचं ओझं हलकं करायला. हेन्री ब्रिग्जने ती पुढे दहाच्या पायावर आणली. गुणाकाराची बेरीज करून देणारं हे साधन. बेरीज तर आधीच सोपी होती. तिला आणखी सोपं रूप देणं हे या साधनाचं कामच नव्हतं. लॉग(अ + ब) साठी गुणाकारासारखा सरळ नियम का नाही, याचं समाधान तिला इथे मिळालं असं तिच्या चेहऱ्यावरून वाटलं.

मग एकच प्रश्न ठरवला: शेवटची क्रिया कोणती? क्षच्या जागी एखादी संख्या धरायची, राशीची किंमत मनात काढायची आणि सगळ्यात शेवटी काय केलं ते बघायचं. (क्ष + २)³ मध्ये आधी बेरीज, शेवटी घन. म्हणून घाताचा नियम लागतो आणि ३ पुढे येतो. आत उरलं क्ष + २. तिथे शेवटची क्रिया बेरीज, म्हणजे लॉग तिथेच थांबला. √(क्ष² + १) मध्ये शेवटी मूळ, ते ½ होऊन पुढे आलं. आत पुन्हा बेरीज, पुन्हा थांबा. क्ष² दिसतो म्हणून तिथला २ ओढून बाहेर काढता येत नाही, कारण तो वर्ग शेवटी झालेला नाही. तिनेच याला नारळाची उपमा दिली: सोडण (वरचं काथ्याचं आवरण) काढल्याशिवाय करटीला (आतल्या कठीण कवचाला) हात लागत नाही. तिच्या घरी हे काम रोजचं, त्यामुळे पुढे आम्ही 'सोडण कुठलं' एवढंच विचारायचो.

छेदाच्या चुकीसाठी नियम वेगळा केला. पहिल्या ओळीत फक्त लॉग(वरचं सगळं) − लॉग(खालचं सगळं), खालच्या भागाभोवती मोठा कंस. दुसऱ्या ओळीत गुणाकार फोडायचे, कंस तसाच ठेवून. तिसऱ्या ओळीत घात. कंस सगळ्यात शेवटी, चौथ्या ओळीत, सोडायचा, म्हणजे वजा प्रत्येक पदापर्यंत पोचतो. याला तिने विरोध केला. वर्गातला एक मुलगा हेच एका ओळीत लिहितो, परीक्षेत वेळ कुठून आणायचा, असं तिचं म्हणणं होतं. म्हणणं रास्त होतं. तरी ओळी कमी करायला नाही म्हटलं: सलग काही गणितांत एकही चिन्ह चुकलं नाही की ओळी आपोआप कमी करू, तोवर चारच.

पडताळ्याचा भाग मला स्वतःला या प्रकरणात सगळ्यात मोलाचा वाटतो. क्षची किंमत तिने स्वतःच २ निवडली, कारण लॉग २ तिला पाठ होता. य ची खरी किंमत साधारण ०.१८ येते. तिच्या जुन्या उलगड्याची बेरीज आली २.५९३२, म्हणजे संख्या ३९२. कुठे ०.१८ आणि कुठे ३९२! ती हबकली, पण कामाला लागली आणि एकेक पद तपासायला घेतलं. पहिलंच पद: ३ लॉग ४, म्हणजे १.८०६. तिच्या रूपात ३ लॉग २ + ३ लॉग २, म्हणजे तेही १.८०६. "मॅडम, हे तर बरोबर आहे. चूक पुढे कुठेतरी आहे."

उत्तर लगेच दिलं नाही. क्ष = ३ घेऊन बघ म्हटलं. आता ३ लॉग ५ = २.०९७० आणि तिचं ३ लॉग ३ + ३ लॉग २ = २.३३४३. जुळत नाही. मग दोनला का जुळलं? बराच वेळ कागदाकडे बघून तिने लिहिलं: २ + २ = ४, २ × २ = ४. दोन आणि दोनची बेरीज आणि गुणाकार एकच, म्हणून नेमक्या त्या किमतीला चूक लपली होती. क्ष = १ घेतलं असतं तर आणखी वेगळं संकट: लॉग १ शून्य असल्यामुळे क्ष⁴ चं पद दोन्हीकडे नाहीसं होतं आणि तिथे काहीही लिहिलं असलं तरी खपून जातं. तेव्हापासून पडताळ्याला तीनच्या खाली उतरायचं नाही असं ठरलं.

तीनलाही एक गंमतीदार खाच होती. √(क्ष² + १) म्हणजे √१०, त्याचा लॉग ०.५. तिच्या रूपात लॉग ३, म्हणजे ०.४७७१. एवढं जवळ की ती म्हणाली, टेबलच्या अंदाजामुळे असेल. चार अंकी टेबलमध्ये फरक पडतो तो चौथ्या स्थानावर. दुसऱ्या स्थानावर पडला तर दोष टेबलचा नसतो. हे तिला जपून ठेवायला सांगितलं, कारण रसायनशास्त्राच्या गणितांतही ते लागतं.

टेबल दहाच्या पायाचं आणि डेरिव्हेटिव्हमधला लॉग ई (सुमारे २.७१८) च्या पायाचा, मग हा पडताळा चालतो कसा, हा प्रश्न तिनेच काढला. पाया बदलला की प्रत्येक पद एकाच संख्येने, सुमारे २.३०३ ने, गुणलं जातं. दोन्ही बाजू सारख्याच ताणल्या जातात, त्यामुळे बरोबरी आहे तशी राहते.

शेवटी उलटा प्रवास करून घेतला: तुझी जुनी ओळ पुन्हा एका लॉगमध्ये गोळा कर. ३ लॉग क्ष आणि लॉग क्ष मिळून क्ष⁴, तो वजा ४ लॉग क्षने कापला गेला. उरलं लॉग[८ (क्ष + ५)²]. म्हणजे मूळ गणितातलं जवळजवळ सगळं नाहीसं झालं होतं, आणि छेदात असलेलं (क्ष + ५)² वर येऊन बसलं होतं. दोनला ३९२ कसे आले तेही इथे कळलं: ८ × ४९. टेबलने चूक आहे हे सांगितलं होतं. चूक नेमकी कोणती, हे या गोळा करण्याने दाखवलं.

निष्पत्ती

दिवाळीनंतरच्या चाचणीत या प्रकारचा उलगडा तिने बरोबर लिहिला, चार ओळींत. एका उपप्रश्नात य = (क्षचा क्षवा घात) + (५ चा क्षवा घात) होतं. दोन्ही बाजूंचा लॉग घेऊन बेरीज फोडायचा मोह इथे फार होतो. वर्गातल्या बऱ्याच जणांनी तेच केलं. तिने अधिक चिन्हापाशी थांबून दोन भाग वेगळे केले, एकेकाचा लॉग घेतला आणि शेवटी डेरिव्हेटिव्हची बेरीज केली. पहिल्या भागाचं डेरिव्हेटिव्ह, म्हणजे क्षचा क्षवा घात गुणिले (१ + लॉग क्ष), तिने लिहिलं तेव्हा मला पहिल्यांदा खात्री वाटली.

जानेवारीच्या सराव परीक्षेपर्यंत ओळी तीनवर आल्या. वडिलांशी बोलून सीईटीला दोन्ही गट भरायचं ठरलं.

सगळंच सुटलं असं नाही. (लॉग क्ष)² आणि लॉग क्ष² यांत ती अजून घसरते. पहिल्यात वर्ग लॉगचा आहे, क्षचा नाही, त्यामुळे २ पुढे येत नाही. लॉग अ ÷ लॉग ब दिसलं की वजाबाकी लिहायचा हातही अधूनमधून वळतो. 'शेवटची क्रिया' हा प्रश्न आम्ही लॉगच्या आतल्या राशीसाठीच वापरला होता. लॉग घेऊन झाल्यावर पुढे काही केलं आहे का, हे तो प्रश्न विचारत नव्हता.

एक गोष्ट मी ठरवून नंतरवर ढकलली होती, आणि ती तिनेच समोर आणली. तीनच्या खाली न उतरण्याचं ठरलं असूनही पडताळ्यासाठी तिने एकदा क्ष = −१ घेतलं. य ची किंमत येते √२ ÷ १६, म्हणजे सुमारे ०.०८८, धन आहे, लॉग निघतो. पण उलगड्यात ४ लॉग(−१) उभं राहतं, आणि ऋण संख्येचा लॉग आपल्याकडे नाही. एकच राशी एका रूपात चालते आणि दुसऱ्या रूपात नाही, हे कसं? तर लॉग क्ष⁴ = ४ लॉग क्ष हे क्ष धन असतानाच खरं; एरवी ४ लॉग|क्ष| लिहावं लागतं. डेरिव्हेटिव्ह दोन्हीकडे ४/क्षच येतं, म्हणून गणिताचं उत्तर बिघडत नाही. बारावीच्या गडबडीत आपण सगळेच ही अट गाळतो. तिने पकडली.

वेगळं काय करता आलं असतं

लॉगची पहिली भेट प्रॅक्टिकलच्या तासाला, आकडे शोधायचं तंत्र म्हणून होते, आणि नियम नंतर गणितात येतात. घातांक, लॉगचा अर्थ आणि टेबल हे तिन्ही अकरावीत एकाच आठवड्यात शिकवता आले तर 'कंसाबाहेरचा गुणक' ही समजूत रुजायला जागाच राहणार नाही. भौतिकशास्त्राच्या शिक्षकांशी बोलून पुढच्या जूनपासून तशी आखणी केली आहे.

चाचणीत उलगड्याला वेगळा प्रश्न आणि वेगळे गुण हवे होते. उलगडा आणि डेरिव्हेटिव्ह एकाच प्रश्नात असल्यामुळे चूक कुठल्या भागात आहे ते तिला कळलं नाही आणि काही आठवडे चुकीच्या जागी गेले. आता आधी फक्त उलगडा लिहून घेते, त्यात लॉग(क्ष² + १) असं न उलगडणारं एक तरी रूप मुद्दाम ठेवते, आणि 'इथे थांबायचं' हे उत्तर पूर्ण गुणांचं धरते. हे रूप पहिल्यांदा दिलं तेव्हा अर्ध्याहून जास्त वर्गाने २ लॉग क्ष लिहिलं, ज्यांचे गुण एरवी चांगले असतात त्यांनीही.

चार ओळींच्या आग्रहाबद्दल माझं मत अजून पक्कं नाही. तिला त्याचा फायदा झाला, पण वेळेचं दडपण शेवटपर्यंत राहिलं. छेदाभोवतीचा कंस तेवढा सक्तीचा ठेवून बाकी ओळी तिच्यावर सोडल्या असत्या तरी बहुधा चाललं असतं, आणि यंदा दुसऱ्या दोन मुलांना तसंच करायला दिलं आहे. (लॉग क्ष)² साठी मात्र पहिल्याच दिवशी दोन प्रश्न द्यायला हवेत: लॉगच्या आत शेवटची क्रिया कोणती, आणि लॉग घेतल्यावर काही केलं आहे का.